रिकाम्या जागांचा हिशेब द्या: उच्च शिक्षणमंत्री आणि वित्तमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री आणि मा. वित्तमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: अनुदानित महाविद्यालयांतील रिक्त पदे, तासिका तत्त्वावरील अध्यापकांचे मानधन आणि उच्च शिक्षणाच्या खर्चाचा जाहीर हिशेब.

महोदय,

सविनय नमस्कार.

जून लागला की जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांत लहान चौकटी येऊ लागतात. ‘तासिका तत्त्वावर सहायक प्राध्यापक नेमणे आहेत.’ म्हणजे महिन्याचा पगार नाही, घेतलेल्या तासांपुरते मानधन. खाली विषयांची यादी असते: मराठी, इतिहास, भूगोल, रसायनशास्त्र, गणित. पात्रता सेट किंवा नेट ही प्राध्यापकपदाची परीक्षा, किंवा पीएचडी. नेमणूक चालू शैक्षणिक वर्षापुरती. यंदाही त्या येत आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक जागा गेल्या वर्षीच्या, त्याच्या आदल्या वर्षीच्याच आहेत. माणूस निवृत्त झाला, जागा मंजूर आहे, शिकणारी मुले वर्गात बसली आहेत, पण त्या जागेवर पूर्ण वेळ शिकवणारे कोणी नाही. राज्यातल्या अनुदानित वरिष्ठ महाविद्यालयांत अध्यापकांची मंजूर पदे ३१ हजारांच्या आसपास आहेत आणि त्यांतली ११ हजारांच्या आसपास रिक्त राहिली आहेत. म्हणजे तीन अध्यापकांमागे एक नाहीच. एखाद्या वर्षी असे झाले असते तर अडचण म्हणून सोसले असते. हे वर्षानुवर्षे ठरवून चालू आहे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

मी बालाघाटाच्या डोंगररांगेतल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. प्राध्यापक संघटनेचे जिल्हा पातळीवरचे काम करते. त्याआधी मी अशाच एका महाविद्यालयाची विद्यार्थिनी होते. घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेले नव्हते. गावाहून एसटीने जायचे, दोन तास शिकायचे, प्रात्यक्षिक करायचे आणि शेवटच्या गाडीने परत. मला शिकवणारे सर आणि मॅडम पूर्ण वेळ नोकरीत होते. तास संपल्यावर विभागात बसलेले असायचे. एमएस्सीला कुठे अर्ज करायचा, वसतिगृह कसे मिळते, शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे अडतो, हे त्यांनी सांगितले म्हणून मी इथवर आले. माझ्या वर्गात आज ज्या मुली बसतात, त्यांतल्या कितीतरी जणींचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि मुलगी आजीजवळ राहून शिकते. तिला तसे बसून सांगणारे माणूस आमच्या विभागात आता फार थोडा वेळ सापडते. माझा या विषयाशी संबंध एवढा थेट आहे.

रिक्त जागांचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे, पण पालकांना तो सलग कोणी सांगितलेला नाही. मे २०१७मध्ये भरतीवर बंदी आली. सप्टेंबर २०१८मध्ये एमफुक्टो या प्राध्यापक संघटनांच्या राज्य महासंघाच्या नेतृत्वाखाली राज्यभरातल्या अध्यापकांनी बेमुदत काम बंद केले. त्यात पहिली मागणी रिक्त पदांचीच होती. त्यानंतर ३ नोव्हेंबर २०१८चा शासन निर्णय निघाला. रिक्त पदांच्या चाळीस टक्के मर्यादेत ३,५८० सहायक प्राध्यापकांची पदे भरायला परवानगी मिळाली. त्यासाठीची रिक्त पदे मोजली होती १ ऑक्टोबर २०१७ या तारखेची. भरती सुरू झाली, थोडी पुढे गेली आणि ४ मे २०२०ला करोनाचे कारण देऊन वित्त विभागाने ती थांबवली. नोव्हेंबर २०२१मध्ये २,०८८ पदांना परवानगी मिळाल्याची मोठी बातमी झाली. ती पदे नवी नव्हती. २०१८च्या ३,५८०पैकी जी भरायची राहून गेली होती, तीच होती. २०२५मध्ये पुन्हा सुमारे साडेपाच हजार पदांची घोषणा झाली.

या सगळ्या काळात दरवर्षी माणसे निवृत्त होत राहिली. निवृत्तीची तारीख ही शासनाला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून माहीत असलेली गोष्ट आहे. ती सेवापुस्तकात लिहिलेली असते. तरीही जागा रिकामी झाल्यावर मोजणी, मग प्रस्ताव, मग उच्चाधिकार समिती, मग वित्त विभागाची टिप्पणी, मग संचालनालयाचे ना हरकत, मग बिंदुनामावलीची, म्हणजे कोणते पद कोणत्या आरक्षित प्रवर्गाचे हे ठरवणाऱ्या यादीची तपासणी, मग विद्यापीठाकडून जाहिरातीला मान्यता, मग निवड समितीवर कुलगुरूंचे प्रतिनिधी, मग मुलाखत, मग विद्यापीठाची आणि सहसंचालकांची मान्यता. यातला एकही टप्पा मी अनावश्यक म्हणत नाही. बिंदुनामावली तर अगदी आवश्यक आहे. पण कोणत्या टप्प्याला किती दिवस, हे कुठेच लिहिलेले नसल्यामुळे फाइल कुठेही कितीही काळ पडून राहू शकते आणि त्याचा जाब कोणालाच विचारता येत नाही. शिवाय निवृत्तीच्या आदल्या वर्षी हे सगळे का सुरू करता येऊ नये, याचे उत्तर आजवर आम्हाला मिळालेले नाही.

रिकामी जागा म्हणजे वर्गात नेमके काय होते, ते माझ्याच विषयावरून सांगते. आमच्या विभागाची मंजूर पदे पाच. पूर्ण वेळ आम्ही दोघे. रसायनशास्त्राचे प्रात्यक्षिक वीस जणांच्या तुकडीत घ्यायचे असते. मुलीच्या हातात ब्युरेट, म्हणजे द्रव मोजून सोडायची काचेची नळी, असली पाहिजे, तिने स्वतः टायट्रेशन करून तीन वाचने जुळवली पाहिजेत, चुकले तर पुन्हा केले पाहिजे. माणसे कमी पडली की दोन तुकड्या एकत्र होतात. चार जणींत एक ब्युरेट, एकजण करते, तिघी वाचन लिहून घेतात. जर्नल पूर्ण होते, त्यावर सही होते, परीक्षेत गुणही मिळतात. पदवी घेऊन ती औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेतल्या जागेसाठी मुलाखतीला जाते, तिथे तिच्यासमोर उपकरण ठेवतात आणि तिचा हात थरथरतो. नाकारणारा माणूस तिला सांगत नाही की तुझ्या महाविद्यालयात तीन जागा रिकाम्या होत्या. तिला वाटते, आपल्यालाच जमत नाही. मला या सगळ्यात सर्वांत जास्त दुखते ते हे.

त्यातच २०२४-२५पासून संलग्न महाविद्यालयांत नवे शैक्षणिक धोरण लागू झाले. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडविषय, ओपन इलेक्टिव्ह म्हणजे आपल्या शाखेबाहेरचा ऐच्छिक विषय, कौशल्याचे अभ्यासक्रम, भारतीय ज्ञानप्रणाली, क्षेत्रप्रकल्प, ऑन जॉब ट्रेनिंग. मुलांना आवडीचे विषय निवडता यावेत ही कल्पना चांगली आहे आणि मी तिच्या विरोधात नाही. पण निवड करायला विषय शिकवणारा माणूस लागतो. जिथे मूळ विषयालाच शिक्षक नाही, तिथे ‘ओपन इलेक्टिव्ह’ म्हणजे ज्याच्या वेळापत्रकात फट आहे त्याचा विषय. इतिहासाची मुले ज्या विषयाचा शिक्षक मोकळा सापडेल तो विषय शिकतात. ऑन जॉब ट्रेनिंगसाठी आमच्या तालुक्यात साखर कारखाना, दोन पतसंस्था, काही औषध दुकाने आणि झेरॉक्स सेंटर आहेत. धोरण आखताना पुणे आणि मुंबई डोळ्यांसमोर ठेवली असतील तर तसे सांगावे. नाहीतर आमच्यासारख्या गावांसाठी माणसे आणि पैसे वेगळे द्यावेत.

आता तासिका तत्त्वाबद्दल. हा भाग जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण हे सहकारी स्वतःच्या नावाने असे पत्र लिहू शकत नाहीत. पुढच्या जूनची चौकट त्यांच्या डोळ्यांसमोर असते.

ही माणसे कोण आहेत? पुणे विद्यापीठ महाराष्ट्र आणि गोव्यासाठी घेते ती सेट, किंवा राष्ट्रीय पातळीवरची नेट, उत्तीर्ण झालेली. अनेकांनी पीएचडी केलेली. म्हणजे पूर्ण वेळ नेमणुकीसाठी जी पात्रता लागते तीच यांच्याकडे आहे. रिक्त पदाचा कार्यभार तुकडे करून त्यांच्यात वाटला जातो. २०२३मध्ये मानधन वाढवून पदवीच्या तासाला ९०० आणि पदव्युत्तर तासाला १,००० रुपये झाले. आठवड्याला नऊ तास धरले आणि एकही तास बुडाला नाही असे मानले, तरी महिन्याचे ३२,४०० रुपये होतात. प्रत्यक्षात सण, परीक्षा, निवडणुकीची सुटी, गॅदरिंग, सगळे वजा होते. उन्हाळ्याचे पैसे नाहीत. बाळंतपणाची रजा नाही, आजारपणाची नाही. त्याच वर्गात शिकवणाऱ्या नव्या पूर्ण वेळ सहायक प्राध्यापकाचे सातव्या वेतन आयोगानुसार मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते, वर महागाई भत्ता. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९मध्येच अतिथी अध्यापकांसाठी तासाला १,५०० आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये असे सांगितले आहे. आयोगाचे नियम आमच्या पदोन्नतीला लावताना अक्षर न् अक्षर पाहिले जाते. हेच परिपत्रक मात्र बाजूला राहते.

आणि जे ठरले आहे ते तरी वेळेवर मिळावे. ऑगस्टमध्ये शिकवायला सुरुवात केलेल्या माणसाच्या हाती पहिला पैसा फेब्रुवारी-मार्चमध्ये पडतो, असे आमच्या भागात सर्रास होते. मधले महिने कसे काढायचे? माझ्या ओळखीचे एक सहकारी सकाळी महाविद्यालयात शिकवतात आणि दुपारी खासगी क्लासला जातात. एक जण रात्री हॉटेलच्या गल्ल्यावर बसतो. एकीने लग्नानंतर नोकरी सोडली, कारण सासरच्यांनी हिशेब मांडला की बसभाडे आणि मुलाला सांभाळणारी बाई यांचा खर्च मानधनापेक्षा जास्त आहे. ती फार चांगली शिकवत होती. तिचे विद्यार्थी अजून तिचे नाव काढतात.

वय वाढत जाते तो प्रश्न तर वेगळाच. तिशीत लागलेला माणूस चाळिशीत येतो. दरवर्षी नवी मुलाखत, नवी नेमणूक, मध्ये खंड. अनुभवाचे प्रमाणपत्र मिळते, पण पूर्ण वेळ जागेच्या मुलाखतीत त्या अनुभवाचे मोल किती, ते समोरच्यांवर अवलंबून.

आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत कंत्राटी नेमणुका एकूण अध्यापक पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू नयेत, असे स्पष्ट लिहिले होते. जानेवारी २०२५मध्ये आयोगाने नव्या नियमांचा जो मसुदा काढला, त्यात ती मर्यादाच दिसत नाही. महाराष्ट्र शासनाने या मुद्द्यावर दिल्लीला काय कळवले, हे जाहीर व्हावे. राज्य म्हणून आपली भूमिका काय आहे, हे जाणून घेण्याचा आम्हाला हक्क आहे.

बिंदुनामावलीचा उल्लेख वर केला. रिकाम्या जागांत अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त आणि इतर मागास प्रवर्गांच्या जागा आहेत. भरती लांबली की आरक्षण कागदावर शाबूत राहते आणि माणूस मात्र नोकरीला लागत नाही. मराठवाड्यातल्या आम्हा लोकांना हे विशेष जाणवते. १९५०मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभे केले, तेव्हा या भागात उच्च शिक्षणाची सोय जवळजवळ नव्हती. आमचे विद्यापीठ त्यानंतर, १९५८मध्ये आले. तिथून शिकून बाहेर पडलेल्या घरांतली तिसरी पिढी आता सेट होऊन तासिका तत्त्वावर उभी आहे. आजोबांना शिक्षण मिळाले, वडिलांना नोकरी मिळाली, नातवाला ९०० रुपयांचा तास.

आता उत्तरदायित्वाकडे येते. हा शब्द आम्हाला रोज ऐकवला जातो. आम्ही बायोमेट्रिकवर बोट ठेवतो. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठी माहिती भरतो, तीच माहिती विद्यापीठाच्या पोर्टलवर भरतो, तीच संचालनालयाला पाठवतो. पदोन्नतीसाठी संशोधन निबंधांचे गुण मोजून देतो. यातले बरेचसे मला मान्य आहे. सार्वजनिक पैशातून पगार घेणाऱ्याने कामाचा हिशेब द्यायला हवा. पण मग हा हिशेब एकाच बाजूने का? पद रिकामे ठेवण्याचा निर्णय ज्यांनी घेतला, त्यांचे नाव कोणत्या प्रपत्रात भरायचे? तासिका तत्त्वाचे देयक सहा महिने पडून राहिले, तर कोणाच्या गोपनीय अहवालात ते लिहिले जाते?

वरच्या पातळीवर काय होते ते राज्याने पाहिलेले आहे. २०१७मध्ये मुंबई विद्यापीठाने पुरेशी तयारी नसताना उत्तरपत्रिकांची ऑनस्क्रीन तपासणी सुरू केली. निकाल महिनोन्‌महिने रखडले, परदेशी प्रवेश मिळालेल्या मुलांची वर्षे धोक्यात आली आणि अखेर ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करावे लागले. पुढे एनआयआरएफ या केंद्राच्या क्रमवारीच्या विद्यापीठ गटात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ २०२४मध्ये २३व्या क्रमांकावर होते, ते २०२५मध्ये ५६व्या क्रमांकावर गेले. क्रमवारीवर माझा फार विश्वास नाही. पण त्या गणितात विद्यार्थी आणि शिक्षक यांचे प्रमाण मोजले जाते, आणि शिक्षकच नेमले नाहीत तर कोणत्याही कुलगुरूंनी कितीही धावपळ केली तरी तो आकडा सुधारणार नाही. तो आकडा मंत्रालयात ठरतो.

पैशाबद्दलही बोलले पाहिजे, कारण प्रत्येक बैठकीत शेवटी ‘राज्यावर आर्थिक ताण आहे’ या वाक्यावर चर्चा थांबते. कोठारी आयोगाने १९६६मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करा, असे सांगितले. २०२०च्या राष्ट्रीय धोरणातही तोच सहा टक्क्यांचा आकडा आहे. मध्ये अर्धे शतक गेले. या काळात महाराष्ट्राने १९८३मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांचे दार उघडले, २००१पासून ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर पदवी महाविद्यालयांना परवानग्या दिल्या, आणि गेल्या दशकभरात स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे येऊ दिली. केंद्रानेही २०१७मध्ये उच्च शिक्षणाच्या इमारती-उपकरणांसाठी अनुदानाऐवजी कर्ज देणारी हेफा ही संस्था काढली. कर्ज घेतलेली संस्था ते फेडणार कुठून? शुल्कातून. म्हणजे विद्यार्थ्यांकडून. हा सगळा प्रवास एकाच दिशेने आहे आणि त्यावर विधिमंडळात एकदाही सलग, मोकळी चर्चा व्हावी असे कोणाला वाटलेले दिसत नाही.

माझ्या महाविद्यालयात आता एकाच छताखाली दोन प्रकारचे वर्ग भरतात. अनुदानित बीएस्सीत शुल्क कमी, शिक्षक अपुरे. शेजारच्या स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रमात शुल्क कितीतरी पट, आणि शिक्षक संस्थेने ठरवलेल्या पगारावर. ऊसतोड कामगाराच्या मुलीला दुसरा वर्ग परवडत नाही आणि पहिल्यात शिकवायला माणूस नाही. प्रयोगशाळेला लागणारी रसायने, ग्रंथालयाची नियतकालिके, वीजबिल, यांसाठी वेतनेतर अनुदानाचा आधार नसल्यासारखाच आहे. महाविद्यालये तो खर्च ‘इतर शुल्क’ या नावाखाली मुलांकडूनच काढतात.

मुलींच्या शिक्षणाचे एक पाऊल मी मनापासून चांगले मानते. ८ जुलै २०२४च्या निर्णयाने, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क शासनाने उचलले. अनेक घरांत त्यामुळे मुलगी पुढे शिकली. पण शासन देणार असलेली रक्कम महाविद्यालयाला वेळेत मिळाली नाही, की महाविद्यालय मुलीलाच ‘आधी भर, आले की परत देऊ’ म्हणते. महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवरून मिळणाऱ्या शिष्यवृत्त्यांचेही तेच. पोर्टलवर अर्ज ‘मंजूर’ दिसतो, खात्यात काही नाही, आणि गुणपत्रक मागायला गेले की खिडकीवर थकबाकीची यादी. माझ्या टेबलासमोर अशा मुली दरवर्षी येऊन उभ्या राहतात. योजना जाहीर करणे जितके महत्त्वाचे, तितकेच तिचे पैसे ठरल्या तारखेला पोचवणे महत्त्वाचे.

आणखी एक गोष्ट, जी संघटनेतल्या सगळ्यांना आवडेलच असे नाही, पण लिहिणे भाग आहे. अनुदानित पदांच्या भरतीत पैसे मागितले जातात, हे राज्यातल्या प्रत्येक तालुक्यात लोक बोलतात. पगार शासन देते आणि नेमणूक संस्था करते, या व्यवस्थेत ती फट आहे. जागा जितक्या कमी निघतात, तितका हा बाजार महाग होतो. सेट झालेल्या मुलाने शेत विकून नोकरी घ्यावी, अशी वेळ येते तेव्हा तो वर्गात कोणत्या मनाने उभा राहील? आम्ही अनुदान मागतो तेव्हा हेही मागतो की हे बंद व्हावे. नुटा, सुटा, बुक्टू, बामुक्टो या प्राध्यापकांच्या विद्यापीठवार संघटनांतल्या जुन्या कार्यकर्त्यांनी संस्थाचालकांच्या मनमानीविरुद्ध लढूनच अध्यापकांना सेवेची हमी आणि थेट बँकेत पगार मिळवून दिला होता. तेच काम पुढे न्यायचे आहे.

वाचणाऱ्या पालकांसाठी दोन शब्द. ‘प्राध्यापकांना भरपूर पगार, थोडे तास, तरी सारखे आंदोलन’ हे मी एसटीतही ऐकते आणि नातेवाइकांच्या बैठकीतही. २०१३मधला परीक्षेच्या कामावरचा बहिष्कार लोकांच्या लक्षात आहे. तेव्हा मुलांच्या जिवाला घोर लागला होता आणि तो राग मी समजू शकते. त्या आंदोलनाच्या ७१ दिवसांचे वेतन शासनाने रोखले होते, याची आठवण फार थोड्यांना आहे. पण आज मी ज्या जागांसाठी लिहीत आहे, त्या भरल्या तर माझ्या पगारात एक रुपयाही वाढणार नाही. माझी नोकरी कायम आहे. भरती झाली तर तुमच्या मुलीला ब्युरेट हातात मिळेल, एवढाच त्याचा अर्थ. आमच्यात न शिकवणारे आहेत का? आहेत. त्यांना वर्गात आणण्यासाठी जे कराल त्याला माझा पाठिंबा आहे. त्यांच्या नावाखाली अकरा हजार जागा रिकाम्या ठेवू नका.

आमचे मागणे असे आहे.

सध्याच्या तारखेची रिक्त पदे मोजा, २०१७ची नव्हे, आणि ती सगळी भरण्याचे वर्षवार वेळापत्रक शासन निर्णय काढून जाहीर करा. भरतीच्या प्रत्येक टप्प्याला दिवसांची मर्यादा घाला. निवृत्तीने रिकामे होणारे पद भरण्याची प्रक्रिया एक वर्ष आधी सुरू व्हावी आणि त्यासाठी दरवेळी वित्त विभागाची नवी परवानगी लागू नये.

तोवर तासिका तत्त्वावरील अध्यापकांना विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१९च्या सूत्राप्रमाणे, म्हणजे तासाला १,५०० आणि महिन्याला ५०,००० रुपयांपर्यंत, मानधन द्या. ते पूर्ण वेळ अध्यापकांच्या पगारासोबत दर महिन्याला बँकेत जमा करा. नेमणूक जूनमध्ये द्या, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नाही. महिलांना प्रसूती रजा द्या. पूर्ण वेळ निवडीत या अनुभवाला निश्चित गुण ठेवा.

मुलाखतींचे चित्रीकरण करा आणि सर्व उमेदवारांचे गुण त्याच दिवशी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर लावा. पैसे मागितल्याची तक्रार सिद्ध झाल्यास त्या संस्थेकडून निवडीचा अधिकार काढून घेण्याची तरतूद करा.

प्रयोगशाळा आणि ग्रंथालयासाठी विद्यार्थिसंख्येवर आधारित वेतनेतर अनुदान सुरू करा. शिष्यवृत्ती आणि शुल्क प्रतिपूर्ती त्या-त्या सत्रातच जमा करा. तोवर कोणत्याही विद्यार्थ्याचे गुणपत्रक किंवा दाखला अडवला जाणार नाही, असे लेखी आदेश काढा.

आणि दरवर्षी ३१ जुलैपर्यंत प्रत्येक अनुदानित महाविद्यालयाची एक पानाची माहिती जाहीर करा: मंजूर पदे किती, भरलेली किती, रिक्त कधीपासून, फाइल सध्या कोणाच्या टेबलावर, तासिका तत्त्वावर किती जण, त्यांना शेवटचे मानधन कोणत्या तारखेला मिळाले. त्याच पानावर आमचे तास, उपस्थिती आणि निकालही छापा. आमची हरकत नाही. हे पान महाविद्यालयाच्या दारावर मराठीत लावा, म्हणजे प्रवेश घ्यायला आलेल्या बापाला ते उभ्या उभ्या वाचता येईल. आमदारांनी अर्थसंकल्पाच्या आधी आपल्या मतदारसंघाची पाने वाचून यावे.

या मागण्यांसाठी परीक्षांना हात लावायचा नाही, असे मी आमच्या संघटनेत मांडणार आहे. मुलांचे नुकसान आधीच पुरेसे झाले आहे. पण येत्या पावसाळी अधिवेशनापूर्वी आपण संघटनांना, तासिका तत्त्वावरील अध्यापकांना आणि विद्यार्थी प्रतिनिधींना एकत्र चर्चेला बोलवावे, आणि त्या बैठकीला वित्त विभागाचे सचिवही हजर असावेत, ही विनंती आहे. त्यांच्याशिवाय झालेल्या बैठकांत आजवर आश्वासने मिळाली, शासन निर्णय मिळाला नाही.

बैठकीची तारीख कळवावी. आम्ही आमच्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयांची अशी पाने भरून, सोबत घेऊन येऊ.

आपली विश्वासू,
एका अनुदानित महाविद्यालयातील रसायनशास्त्राची सहयोगी प्राध्यापक
आणि प्राध्यापक संघटनेची कार्यकर्ती

प्रत माहितीसाठी: विधानसभा व विधान परिषदेचे सर्व सदस्य, सर्व अकृषी विद्यापीठांचे कुलगुरू, आणि अनुदानित महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलामुलींचे पालक.